पाटगावकर सरांचा हातगुण

“हे बघा, दाबतोय,” सर म्हणाले आणि त्यांनी अंगठा त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, नडगीत रुतवला.

गुडघ्याखाली जिथं गाठ वर आली होती, नेमका तिथंच. ताणून तकतकीत झालेल्या कातडीवर अंगठ्याचा खळगा पडला. मुंबईच्या औषध कंपनीचे दोन पाहुणे खुर्च्या पुढं ओढून वाकून बघत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी स्लाइडचा डबा पोटाशी धरून उभी होते, त्यामुळं त्यांना न दिसणारं मला दिसत होतं. अक्कांच्या दुसऱ्या पायाची बोटं चादरीखाली वळली होती आणि चादर त्या बोटांत गोळा होत चालली होती.

“अक्का, दुखतंय?” सरांनी विचारलं.

“नाही रे बाबा.” अक्का पाहुण्यांकडं बघून हसल्यासुद्धा. “शिरूच्या हाताला गुणच आहे तसा. आमच्या आप्पांचा हात आलाय त्याच्याकडं.”

“आणि मॉर्फिन?” पाहुण्यांतल्या सबनीसांनी विचारलं.

“एक थेंब नाही,” सर म्हणाले. “हाडाचा कॅन्सर आहे आणि बाई बसून मटार सोलते. विचारा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना.”

“कमाल आहे!” सबनीस म्हणाले आणि आणखी वाकले. सरांनी त्यांच्यासाठी पुन्हा एकदा दाबून दाखवलं. अक्का पुन्हा हसल्या.

मग सगळे जेवायला उठले. बासुंदी-पुरीचा बेत होता. सरांच्या मिसेस लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या होत्या, पण घरात कशाची कमी दिसू नये याची सरांनी काळजी घेतली होती. हात धुवायची तेवढी राहिली. ज्या अंगठ्यानं नडगी दाबली त्याच अंगठ्यानं त्यांनी पुरी मोडली, बासुंदीत बुडवली आणि चोखली. “माझा गुरुवार आहे,” असं सांगून मी अक्कांच्या खोलीत परत आले.

अक्का डोळे मिटून पडल्या होत्या.

“तो गेला का?” त्यांनी विचारलं.

“जेवायला बसले सगळे.”

“दार लाव.”

मी दार लावलं. अक्कांनी इरकली लुगड्याचा पदर गोळा करून तोंडात कोंबला, आणि त्या पदराआडून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. एवढ्याशा बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली, कोण जाणे. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. सरांनी विनोद केला असावा. विनोद फार छान करायचे ते.

“अक्का, एवढं दुखतंय तर नाही का म्हणालात?”

त्यांनी पदर तोंडातून काढला. “मागं एकदा म्हटलं होतं गं. शिरू ताटावरून उठला. आठवडाभर या खोलीत पाऊल नाही टाकलं त्यानं. बोलणं नाही, बघणं नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई मी. त्याच्या घरात राहते, त्याचं खाते. लहानपणी कडेवर घेऊन फिरवला त्याला, त्याचं काय आता.”

“पण कॅन्सरच्या दवाखान्यात मॉर्फिन दिलं असेल ना तुम्हाला?”

“दिलंय की. पातळ औषध आहे, बाटली. त्याच्या कपाटात ठेवलीय. म्हणतो, ते घेतलंस तर माझ्या औषधानं बरं वाटलं हे कसं कळायचं?” त्या थांबल्या. “त्याला सांगू नकोस बाई. आत्ता कुठं जरा खुशीत आहे.”

हे सगळं घडलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात डॉक्टर श्रीधर पाटगावकरांच्या हाताखाली पीएचडी करत होते. संस्थेचं नाव सांगत नाही. ती अजून चालू आहे, आणि तिथल्या जिन्यात सरांचा हार घातलेला फोटोही आहे. मी त्या जिन्यानं जात नाही, लिफ्टनं जाते.

आमचं काम वेदनेचं. मेंदूत आणि मणक्यात वेदना दाबणारी कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. मॉर्फिन ही त्या कुलपांची चावी. पण ही चावी अशी की तिची सवय लागते, आणि जास्त फिरवली तर माणसाचा श्वासच बंद पडतो. साऱ्या जगाला दुसरी चावी हवी होती, आणि ती आपल्याला सापडलीय असं सरांचं म्हणणं होतं. सरांचे वडील, आप्पा वैद्य, एक मुळी उगाळून दुखण्यावर देत. त्या मुळीतून सरांनी अर्क काढला होता. प्रयोगशाळेत त्याला ‘पी-नऊ’ म्हणायचे.

पी-नऊची परीक्षा पांढऱ्या उंदरांवर व्हायची. तापवलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पंजा कधी चाटतो ते बघायचं. चाटला की लगेच उचलायचं, भाजू द्यायचं नाही. नुसतं मिठाचं पाणी टोचलेला उंदीर ठेवल्या ठेवल्या पंजा उचलायचा. पी-नऊ टोचलेला मात्र देवळातल्या नंदीसारखा उभा राहायचा. कितीही वेळा करा, तेच. मी स्वतः बघितलं होतं, त्यामुळं माझा पी-नऊवर सरांइतकाच विश्वास होता.

कुरकुर एकच होती, ती फरीदाची. फरीदा मुजावर माझ्या बरोबरीची. अस्सल कोल्हापूरची, स्वतःबद्दल ‘मी जातो, मी करतो’ असं बोलणारी. तिचं काम होतं उंदराचा मेंदू वाटून काचेच्या नळीत घ्यायचा आणि पी-नऊ त्या कुलपात बसते का ते मोजायचं. बसत नव्हती. तिनं हर तऱ्हेनं करून बघितलं, तरी बसत नव्हती. शेवटी तिनं सरांना सांगितलं तेव्हा सर म्हणाले, “नळीतल्या मेंदूला दुखतं का गं फरीदा?” सगळे हसले. मीही हसले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याकडं आम्ही कुणीच लक्ष दिलं नव्हतं. पी-नऊ टोचायची ती सरांनीच. मिठाचं पाणी आम्ही मुली टोचायचो. आप्पा वैद्यांच्या घरची रीतच होती, की औषध वैद्यानं आपल्या हातानं द्यायचं. दुसऱ्याच्या हातून गेलं की गुण उणावतो. सर विलायतेत शिकून आले होते, रोज टाय लावायचे, पण ही रीत काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. सुई हातात घेतली की ते क्षणभर डोळे मिटायचे. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि वडिलांना विसरला नाही, असं आम्ही बाहेर सांगतसुद्धा असू. अक्कांनाही सकाळ-संध्याकाळ पी-नऊ द्यायचे ते सरच.

त्या बासुंदीच्या दिवसानंतर मला एकच प्रश्न पडला. अक्कांना दुखत होतं आणि त्या खोटं बोलत होत्या. पण उंदीर खोटं बोलत नाहीत. मग उंदरांना का दुखत नव्हतं?

मी फरीदाला अक्कांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “औषध बदलून बघू या की.”

“म्हणजे?”

“सरांच्या ट्रेमध्ये मिठाचं पाणी ठेवू या. पी-नऊ आपण टोचू. दोन्ही पाण्यासारखंच दिसतंय, कुणाला काय कळतंय?”

“आणि सरांना समजलं तर?”

“तर पीएचडीवर पाणी सोडायचं. मी सोडतो, तू सोडणार का बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुया मी भरल्या. सर आले, टाय सावरला, डोळे मिटले आणि एकेका उंदराला मिठाचं पाणी टोचून गेले. नंतर आम्ही ते उंदीर पत्र्यावर ठेवले. नंदी! एकजात सगळे नंदी. मग फरीदानं पी-नऊ टोचलेले ठेवले, तर ते ठेवल्या ठेवल्या पंजा चाटायला लागले. मी फरीदाकडं बघितलं, ती पिंजऱ्याच्या तळाकडं बघत होती.

“शैले, हे बघ. लेंड्या.”

“काय त्यात?”

“सरांनी धरलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातच आहेत. आपण धरलेल्यांच्या नाहीत. रोज असंच असतंय. मला वाटायचं पी-नऊनं पोट बिघडतंय त्यांचं. आज तर पी-नऊ त्यांच्या अंगात नाहीच की.”

मी पिंजऱ्याजवळ गेले. सरांच्या हातून आलेले उंदीर कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते. कान मागं, अंग थरथरतंय, खाली घाण. त्या उंदीरघरात आम्ही सगळ्या बायकाच. मी, फरीदा, पिंजरे धुणाऱ्या हौसाबाई. पुरुष म्हणून तिथं शिरणारे सर एकटे. पुढं कितीतरी वर्षांनी परदेशातल्या लोकांनी रीतसर दाखवून दिलं, की पुरुषाच्या नुसत्या वासानंही उंदीर भितात आणि भीतीनं त्यांची वेदना दबते. आम्हाला तेव्हा वासाबिसाचं ठाऊक नव्हतं. पण कुत्रं मागं लागल्यावर पायात मोडलेला काटा घरी पोचल्यावरच कळतो, हे काय पुस्तकात वाचावं लागतं? भ्यालेलं शरीर स्वतःची अफू स्वतःच सोडतं. ती तीच कुलपं उघडते.

म्हणजे पी-नऊमध्ये काही नव्हतं. होता तो हातगुणच. सरांच्या हातात गेलेला जीव भीतीनं बधिर व्हायचा आणि त्याला आम्ही औषध म्हणत होतो. एवढे शिकलेले आम्ही, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की दोन्ही सुया एकाच हातानं टोचून बघाव्यात.

आम्ही चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी तेच. तरी खरं सांगते, मला सरांचा राग आला नव्हता. वाईट वाटत होतं. त्यांच्या बहिणीनं त्यांना फसवलं, उंदरांनी फसवलं, बिचारे भोळेपणानं फसले, असं माझ्या मनात होतं. ऐकल्यावर सर कोसळतील, त्यांना पाणी द्यावं लागेल, इथपर्यंत मी विचार करून ठेवला होता. मनात मी त्यांना आधार देत होते. आजही ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

सर त्यांच्या खोलीत मोसंबी सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. सुया बदलल्याचं, पत्र्याचं, लेंड्यांचं. सांगून झाल्यावर त्यांनी उठून दार लावलं, परत येऊन बसले आणि मोसंबीची एक फोड माझ्यापुढं धरली.

“हुशार आहेस. मला कळायला तुझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.”

“म्हणजे सर?”

“मागच्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. तू उन्हाळ्यात गावी गेली होतीस, तेव्हा मिठाचं पाणी मीच टोचलं होतं. तेही उंदीर तसेच उभे राहिले. घे ना फोड, गोड आहे.”

मी फोड घेतली नाही. “सर, मग अक्का?”

“अक्काचं काय?”

“त्यांना दुखतंय. फार दुखतंय. तुम्ही बाहेर गेलात की त्या पदर तोंडात कोंबून...”

“मला माहीत नाही होय?” सर शांतपणे म्हणाले. “माझी बहीण आहे ती. तिच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ मला कळते. हे बघ शैलजा, परवा कंपनीचे मोठे साहेब येताहेत. एकदा करारावर सह्या झाल्या की त्याच संध्याकाळी तिला मॉर्फिन सुरू करतो. काढलेत एवढे दिवस तिनं, आणखी दोन काढील.”

“आणि पी-नऊ?”

“माणसांवरच्या चाचणीत पडेल. पडू दे! शंभरातली नव्वद औषधं तिथं पडतात, कुणी कुणाला फासावर देत नाही. पण तोवर आपली नवी इमारत उभी राहील, यंत्रं येतील, तुझ्यासारख्या पोरींना मुंबईला जावं लागणार नाही. पुढचं औषध खरं काढू.”

“चाचणीत ज्यांना मॉर्फिन बंद करून हे देतील, त्यांचं काय सर?”

“कुणाला तरी काहीतरी देतातच.” त्यांनी मोसंबीची बी तोंडातून काढून सालीत ठेवली. “तू अजून लहान आहेस. थोडी व्यवहारानं चाल.”

आंधळ्याची कीव करता येते. पण हा माणूस डोळे उघडे ठेवून, दुखतंय हे जाणून, नेमका तिथंच अंगठा रुतवत होता. पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा. आणि त्याच्या तोंडात मोसंबी होती. सर उठले, माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आपलं बोलणं या खोलीतच राहू दे. तुझा प्रबंध मी याच महिन्यात पुढं पाठवतो.”

मी हललेसुद्धा नाही. मुकाट उभी राहिले. त्यांनी हात काढेपर्यंत तशीच. बाहेर आले आणि हौसाबाई पिंजरे धुतात त्या मोरीत भडाभडा ओकले.

तिथून मी तडक सरांच्या घरी गेले. मावशी भाजीला गेल्या होत्या, घरात अक्का एकट्याच. मी त्यांना काही विचारलं नाही, सरळ सरांच्या खोलीत शिरले. कपाटाला कुलूप असेल, ते फोडायला लागेल, म्हणून मी वाटेत फरीदाच्या खणातला पेचकस पिशवीत टाकून आणला होता. कपाटाला कुलूप नव्हतं. इस्त्रीच्या शर्टांच्या शेजारी बाटली उभी होती, झाकणाचं सील न फोडलेली, वर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात किती द्यायचं ते लिहिलेलं. अक्कांनी कुठल्याही दिवशी मावशींना सांगितलं असतं तर मावशींनी आणून दिली असती. कुलूप लावायची सरांना गरजच पडली नव्हती.

मी बाटली आणि चमचा घेऊन अक्कांपाशी आले.

“हे घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या.”

अक्का बाटलीकडं बघत राहिल्या. “कुणी सांगितलं तुला काढायला? शिरूनं?”

“नाही. सरांना ठाऊक आहे तुम्हाला दुखतंय ते. सगळं ठाऊक आहे. पहिल्यापासून. ते औषध खोटं आहे हेही ठाऊक आहे.”

हे असं एकदम बोलायला नको होतं असं मला बोलता बोलताच वाटलं, पण राग आवरत नव्हता. अक्कांनी मान वळवली. भिंतीकडं तोंड करून त्या किती वेळ पडल्या होत्या सांगता येत नाही. मला वाटलं रडताहेत. वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते.

“त्याला माहीत होतं?”

“हो.”

“मी हसत होते तेव्हा?”

मी मान हलवली.

“आणि मी मेली त्याला वाईट वाटू नये म्हणून...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, “तो मोठा साहेब येऊन सही करून गेला की काय होणार?”

“तुमच्यासारख्या बायका-माणसांना ते औषध देऊन बघतील. हे बंद करून.” मी बाटली दाखवली. “ते चालत नाही असं कळेपर्यंत.”

“तोवर त्यांना दुखणार.”

“हो अक्का. पण ते नंतरचं नंतर. तुम्ही आधी चमचाभर घ्या.”

“ठेव ते.”

“अहो...”

“ठेव म्हणते ना!” अक्का माझ्यावर पहिल्यांदाच खेकसल्या. “आत्ता सुरू केलं तर मग सोडवणार नाही, आणि परवा मला दुखणार नाही. शिरू दाबेल आणि मी खरंच हसेन. मग त्याचंच खरं होईल की नाही? शिकलेली ना तू? एवढं कळत नाही?”

खरंच, मला ते सुचलंच नव्हतं. “मग परवा तुम्ही नुसतं सांगा, दुखतंय म्हणून. आज औषध घ्या आणि परवा सांगा.”

“आणि दुखत नसताना ओरडू? मला नाटकं जमत नाहीत बाई. न दुखल्याचं केलं तेवढं पुरे झालं.” त्यांनी बाटली माझ्याकडं सरकवली. “तुझ्यापाशी ठेव. परवा ये. मी सांगेन तेव्हा दे, त्याआधी मी पाया पडले तरी देऊ नकोस.”

मधला दिवस मी कसा काढला ते सांगत बसत नाही. मी काढला त्याचं काय मोठंसं, अक्कांनी काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे साहेब आले. कामत त्यांचं नाव. सोन्याच्या काड्यांचा चष्मा, मृदू आवाज. बरोबर सबनीस. सरांनी त्यांना प्रयोगशाळा दाखवली, मग घरी आणलं. मला बघून सर जरा थबकले, पण मी स्लाइडचा डबा घेऊन उभी होते, तेव्हा त्यांना वाटलं असणार की पोरगी व्यवहारानं चालायला लागली. माझ्याकडं बघून त्यांनी बारीकशी मान हलवली.

“बसा साहेब,” अक्का म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, ओठ चावून चावून सुजले होते, पण केस विंचरून घेतले होते.

सरांनी टाय सावरला. कुलपाचं आणि चावीचं सांगितलं, आप्पा वैद्यांचं सांगितलं. मग पायावरची चादर बाजूला केली आणि म्हणाले, “आता हे बघा, दाबतोय.”

अंगठा टेकला मात्र, अक्का ओरडल्या.

तो ओरडा मी लिहू शकत नाही. स्वयंपाकघरात मावशींच्या हातून भांडं पडलं. रस्त्यावरून चाललेली दोन माणसं फाटकाशी थांबून आत बघायला लागली. कामत खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. एवढे दिवस पदरात कोंबलेलं सगळं त्या बाईनं त्या एका दमात बाहेर टाकलं. दम संपला तेव्हा दुसरा घेतला आणि पुन्हा ओरडल्या. सरांचा अंगठा अजून तिथंच होता. काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“शिरू, हात काढ.” अक्का धापा टाकत होत्या. “दुखतंय. पहिल्या दिवसापासून दुखतंय. आणि याला माहीत आहे साहेब. माझ्या भावाला माहीत आहे.”

मग सरच हसले. हो, हसले. “काय होतं साहेब, अनोळखी माणसं बघून पेशंट बावरतो कधी कधी. मानसिक असतं. अक्का, अगं त्या दिवशी तर...”

“ते मानसिक नाही,” मी म्हणाले. “उंदरांचंही सांगू का साहेबांना?”

सर माझ्याकडं वळले. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती पिंजऱ्यातल्या उंदरांनाच ठाऊक असणार, पिंजऱ्याबाहेर उभ्या राहणाऱ्या मला ती कधी दिसली नव्हती. कामतांनी हात वर करून मला थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आपण फोनवर बोलू डॉक्टर. आज सह्यांचं राहू दे. आणि जेवणाचंही राहू दे.” अक्कांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. सबनीसांनी बॅग उचलली. ज्यांनी वाकून वाकून ती नडगी बघितली होती, ते आता पलंगाला वळसा घालून, नाकाला रुमाल लावून दाराकडं गेले. सर त्यांच्या मागोमाग धावले. फाटकापर्यंत त्यांचा आवाज येत होता, “साहेब, एक मिनिट, साहेब...”

“शैलजा,” अक्का म्हणाल्या, “आता दे गं.”

झाकण फिरेना. सील दातानं फोडलं. बाटलीवर लिहिलं होतं तेवढं मोजून त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी लहान पोरीसारखं तोंड वाकडं केलं, “शी, किती कडू!” म्हणाल्या आणि पाणी मागितलं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. हळूहळू हातातली पकड सुटली. मग कपाळावरची आठी गेली, मग जबडा सैल पडला. जवळजवळ वर्षभर मी त्या घरात येत-जात होते, आणि या बाईचा खरा चेहरा मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितला. दिसायला फार सुंदर होत्या अक्का.

सर परत आले ते ऊन उतरल्यावर. टाय सुटला होता. दारात उभे राहून त्यांनी अक्कांकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं.

“झोपली?” त्यांनी विचारलं.

ते पलंगाजवळ आले, क्षणभर डोळे मिटले आणि अक्कांच्या कपाळाकडं हात नेला. तो कपाळाला लागायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं.

“हात लावू नका,” मी म्हणाले.

त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. मनगट घामानं चिकट झालं होतं. मी ते बाजूला केलं, सोडलं, आणि माझा हात ओढणीला पुसला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून पुन्हा पुसला.